स्त्रियांनी वापरायची अडथळ्याची साधनं : टोपी, डायफ्राम, स्पंज, महिला कंडोम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळणा लांबवायचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं गोळ्या, तांबी, इंजेक्शन आणि ऑपरेशन एवढ्यावर संपतं. बाईने स्वतः बसवायची आणि स्वतः काढायची जी साधनं आहेत, त्यांचं नावही निघत नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ या भागांत महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या आरोग्यसत्रांत चिठ्ठीवर लिहून येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. काही प्रश्न इतिहासाचे आहेत, काही रोजच्या वापराचे. दोन्ही एकत्रच ठेवले आहेत, कारण ही साधनं आज दुकानात का दिसत नाहीत याचं उत्तर इतिहासातच आहे.

अडथळ्याचं साधन म्हणजे काय? तांबी त्यात येते का?

नाही. तांबी गर्भाशयाच्या आत बसते आणि तिथे तांब्याचा परिणाम होतो. गोळ्या आणि इंजेक्शन संप्रेरकांवर चालतात. अडथळ्याचं साधन फक्त वाट अडवतं.

योनिमार्गाच्या आत, टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं. बोटाला ते नाकाच्या शेंड्यासारखं, टणक आणि गोलसर लागतं. योनिमार्ग आम्लधर्मी असतो (पीएच साधारण ३.८ ते ४.५), त्यामुळे तिथे शुक्रजंतू काही तासांतच मरतात. तोंडावरच्या चिकट स्रावात शिरले, तर मात्र ते पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, आणि तिथवर पोहोचायला त्यांना काही मिनिटं पुरतात. म्हणून आड घालायची ती संबंधाच्या आधी, आणि शुक्रजंतू मरेपर्यंत ती जागेवर राहिली पाहिजे. प्रत्येक साधनाचे नियम या दोन गोष्टींवरून ठरतात.

पूर्वीच्या बायका काय करायच्या? हे सगळं अलीकडचंच ना?

मुळीच नाही. इजिप्तमध्ये काहून इथे सापडलेल्या स्त्रीरोगांवरच्या पपायरसात (लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या हस्तलिखितात), म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १८५० मध्ये, मगरीच्या विष्ठेचा लगदा आत ठेवण्याची कृती आहे. तिची आजही खूप चर्चा होते. तिच्यापेक्षा महत्त्वाची कृती इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या एबर्स पपायरसात आहे : बाभळीच्या जातीच्या झाडाचा भाग, खजूर आणि मध एकत्र वाटून कापसासारख्या तंतूंवर घ्यायचे आणि आत ठेवायचे. बाभळीचा डिंक आंबला की लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि आजच्या काही गर्भनिरोधक जेलमध्येही हेच आम्ल असतं. मधाचा चिकटपणा आड घालतो, आम्ल शुक्रजंतूंना मारतं. कारण माहीत नसतानाही अनुभवाने योग्य जागी पोहोचलेली माणसं होती ती.

दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणारा वैद्य सोरेनस जुनं ऑलिव्ह तेल, मध, देवदाराचा राळ किंवा तुरटी लावलेला लोकरीचा बोळा सुचवतो. आपल्याकडच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत तेलात भिजवलेला सैंधवाचा खडा येतो. मिठाचं तीव्र द्रावण शुक्रजंतूंना मारक आहे, त्यामुळे हेही निराधार नव्हतं.

मग सैंधव, तुरटी, लिंबू हे घरगुती उपाय आजही चालतील?

नाही, करू नका. शुक्रजंतू मरण्याइतकं तीव्र मीठ किंवा लिंबाचा रस योनीची नाजूक त्वचाही भाजून काढतो. सोलवटलेल्या जागेतून जंतुसंसर्ग आणि एचआयव्ही सहज शिरतो. अठराव्या शतकात युरोपात अर्ध्या लिंबाची साल टोपीसारखी आत बसवत असत. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आपल्याकडे आहे.

संबंधानंतर पाण्याने किंवा जंतुनाशकाने आतून धुण्याचाही उपयोग नाही. १९२० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेत लायसोलसारख्या जंतुनाशकाची ‘स्त्रियांची स्वच्छता’ अशा आडवळणाच्या शब्दांत जाहिरात व्हायची. असंख्य स्त्रियांनी गर्भ राहू नये म्हणून ते वापरलं. आग आग झाली, जखमा झाल्या आणि दिवसही गेले, कारण धुवायला उठेपर्यंत शुक्रजंतू वर पोहोचलेले असतात.

रबराची टोपी आणि डायफ्राम कधी आले?

१८३८ मध्ये जर्मन डॉक्टर फ्रीड्रिश विल्डे यांनी प्रत्येक बाईच्या गर्भाशयमुखाचा मेणाचा साचा घेऊन त्यावरून रबरी टोपी करण्याची पद्धत मांडली. कल्पना पक्की होती, माल कच्चा होता. तेव्हाचं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाबरोबर तापवायची युक्ती सापडली, १८४४ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, आणि टिकाऊ, लवचिक रबर मिळू लागलं. आजची सगळी रबरी गर्भनिरोधकं या एका शोधावर उभी आहेत.

डायफ्रामचं श्रेय जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गचे डॉक्टर विल्हेल्म मेन्सिंगा यांचं. वाटीसारखा पातळ रबरी पडदा आणि त्याच्या कडेत स्प्रिंग. टोपी फक्त गर्भाशयाच्या तोंडावर बसते, तर डायफ्राम योनीच्या मागच्या खोबणीपासून पुढच्या, ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत तिरका टेकतो. त्यामुळे तो बसवायला सोपा आणि सरकायला अवघड. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेन्सिंगांनी याबद्दल लिहिलं ते ‘सी. हासे’ या टोपणनावाने, कारण खऱ्या नावाने लिहिलं तर डॉक्टरकीवर गदा आली असती.

त्यांचं लेखन नेदरलँड्समधल्या पहिल्या महिला डॉक्टर अलेटा जेकब्स यांच्या वाचनात आलं. त्यांनी मेन्सिंगांना पत्र लिहिलं, नमुने मागवले, काही रुग्ण स्त्रियांवर महिनोन्‌महिने नजर ठेवून खात्री करून घेतली आणि मगच ॲमस्टरडॅममध्ये इतरांना ते देऊ लागल्या. त्या गरीब बायकांसाठी मोफत दवाखानाही चालवत. इंग्रजीत डायफ्रामला ‘डच टोपी’ हे नाव पडलं ते त्यांच्यामुळे.

स्पंज म्हणजे तोच ना, आंघोळीचा?

सुरुवातीला साधारण तसाच. १८२३ मध्ये लंडनमध्ये फ्रान्सिस प्लेस यांनी कामगारांत पत्रकं वाटली. त्यांत फितीला बांधलेला छोटा समुद्री स्पंज ओला करून आत ठेवायची कृती होती. अशा पत्रकांसाठी तेव्हा तुरुंगही होऊ शकला असता.

१९८३ मध्ये अमेरिकेत ‘टुडे’ नावाचा पॉलियुरेथेनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) तयार स्पंज आला. त्यात नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्रजंतूनाशक १ ग्रॅम असतं. ओला करून पिळला की फेस येतो. मग खळगा वर करून तो आत ठेवायचा आणि सुटी पट्टी धरून काढायचा. बाळंतपण झालेल्या स्त्रियांत तो बराच जास्त फसतो, हा त्याचा मोठा दोष.

या साधनांवर बंदी का होती?

अमेरिकेत १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने गर्भनिरोधक साधनं आणि त्यांची माहितीसुद्धा ‘अश्लील’ ठरवली आणि टपालाने पाठवायला मनाई केली. परिचारिका असलेल्या मार्गारेट सँगर यांनी नेदरलँड्समध्ये जाऊन डायफ्रामचं माप घ्यायला शिकून घेतलं आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात दवाखाना उघडला. काही दिवसांतच पोलिसांनी तो बंद केला आणि सँगर यांना अटक झाली. पुढे जपानमधल्या एका डॉक्टरने न्यूयॉर्कच्या डॉ. हॅना स्टोन यांना १२० रबरी पेसरी (योनीत बसवायची साधनं) पाठवल्या. कस्टमने त्या जप्त केल्या. त्या पुडक्यावरून खटला चालला आणि १९३६ मध्ये निकाल लागला : डॉक्टर आपल्या रुग्णांसाठी अशी साधनं मागवू शकतात. एका पुडक्याने कायद्याचं दार किलकिलं केलं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात हे कोणी सुरू केलं?

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपला दवाखाना उघडला होता, म्हणजे मुंबई लंडनच्या मागे नव्हती. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा विल्सन कॉलेजात गणित शिकवायचा. या कामापायी नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि साधनं कोणती, ती कशी वापरायची हे सरळ मराठीत लिहिलं.

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं हा त्या मासिकाचा कणा होता, आणि अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांना प्रश्न पडतात तर उत्तर द्यायलाच हवं, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. कर्व्यांना दंड झाला, पण पुढचे अंक निघत राहिले.

बाबासाहेबांनी हा विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचं भाषण बाबासाहेबांनी तयार केलं होतं. ठराव फेटाळला गेला. बाळंतपणांनी पिचलेल्या कष्टकरी बाईची बाजू विधिमंडळात इतक्या स्पष्टपणे मांडली गेली होती, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही.

आधीच, १९३५ च्या डिसेंबरात, सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या. गांधीजी संयमावर ठाम राहिले. म्हैसूर संस्थानाने मात्र १९३० मध्येच सरकारी दवाखान्यांत संततिनियमन केंद्रं उघडली होती. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून हे काम हाती घेतलं. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या पुढाकाराने फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली.

आजी सांगायची, पूर्वी दवाखान्यात ‘जेली आणि टोपी’ मिळायची. हे खरं आहे का? मग ती गेली कुठे?

खरं आहे. १९५२ मध्ये भारताने देशपातळीवरचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम घेणारा हा जगातला पहिला देश. सुरुवातीला भर सुरक्षित दिवस मोजण्यावर होता. दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळासुद्धा वाटल्या गेल्या. त्यानंतर शहरांतल्या केंद्रांतून डायफ्राम आणि जेली मिळू लागली. डॉक्टर किंवा सिस्टर माप घेत, बसवायला शिकवत आणि पुन्हा बोलावून तपासत.

ती का टिकली नाही, याचं नेहमीचं उत्तर ‘बायकांना जमली नाही’ असं दिलं जातं. हे उत्तर अन्यायाचं आहे. डायफ्रामला चार गोष्टी लागतात : आडोसा, स्वच्छ पाणी, ठेवायला कोरडी जागा आणि माप घेणाऱ्या व्यक्तीचा अर्धा तास. चाळीच्या किंवा वस्तीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे सासू, दीर आणि मुलं एकाच अंथरुणपट्ट्यात झोपतात, मोरी म्हणजे अर्धी भिंत आणि संडास सार्वजनिक, तिथे संबंधाआधी हात धुऊन जेली लावायची कुठे? सकाळी तो धुऊन वाळवायचा कुठे? अडचण घराची होती. तिचा दोष बाईच्या माथी मारला गेला.

दुसरं कारण सरकारी हिशेबाचं. टोपी घेणारी बाई तिला हवं तेव्हा ती वापरायचं थांबवू शकते, ऑपरेशन झालेली नाही. १९६५ पासून लूपवर (गर्भाशयात बसवायच्या प्लास्टिकच्या साधनावर) भर आला. १९६८ मध्ये ‘निरोध’ तीन नगांना १५ पैसे या भावाने बाजारात आला. मग नसबंदीची उद्दिष्टं आली. आणीबाणीतल्या सक्तीनंतर पुरुष नसबंदी जवळजवळ थांबली आणि सगळा भार बायकांच्या ऑपरेशनवर गेला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि कंडोमचं ९.५ टक्के आहे. डायफ्राम तर सरकारी यादीतही नाही. बाईच्या हातातलं, परत काढता येणारं आणि संप्रेरकं नसलेलं साधन आपण हळूहळू यादीतून पुसून टाकलं, आणि त्याचं दुःख व्हायला हवं.

फेसाच्या गोळ्या असायच्या, त्या काय होत्या?

योनीत ठेवायच्या गोळ्या. खाण्याचा सोडा, टार्टरिक आम्ल आणि शुक्रजंतूनाशक एकत्र दाबून केलेल्या. ओलाव्याने फेस येतो आणि तो आड घालतो. अडचण आपल्या हवेची. जुलैत ठाण्यात डब्यातलं मीठसुद्धा पाझरतं. झाकण सैल राहिलं की गोळी बाटलीतच निम्मी मरायची आणि वेळेला फेस यायचा नाही. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात वॉल्टर रेन्डेल यांनी कोकोच्या लोण्यात क्विनीन घालून पेसरी, म्हणजे योनीत ठेवायच्या वड्या, काढल्या होत्या. त्या शरीराच्या उष्णतेला वितळतात, आणि आपल्या मे महिन्यात फडताळातच वितळल्या असत्या.

महिला कंडोम कधी आला? त्यात प्रकार आहेत का?

डेन्मार्कचे डॉक्टर लासे हेसेल यांनी १९८० च्या दशकात तो तयार केला. १९९२ मध्ये युरोपात आणि १९९३ मध्ये अमेरिकेत त्याला वाट मिळाली. पहिला पॉलियुरेथेनचा होता, महाग आणि हलताना कुरकुर वाजणारा. दुसरा, एफसी-२, मऊ नायट्राइलचा (कृत्रिम रबराचा) आहे आणि २००९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला.

आणखी एक प्रकार आपल्या जवळचा आहे. नाशिक जिल्ह्यात सिन्नरजवळच्या ‘क्युपिड’ कारखान्यात बनणारा लॅटेक्सचा (नैसर्गिक रबराचा) महिला कंडोम २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मान्य यादीत आला आणि आफ्रिकेतल्या देशांना जाऊ लागला. त्यात आतल्या रिंगेऐवजी स्पंजचा गोळा असतो आणि बाहेरची चौकट अष्टकोनी असते. सिन्नरहून आफ्रिकेत जाणारी वस्तू ठाण्याच्या मेडिकलमध्ये मागितली तर दुकानदार गोंधळतो, ही खेदाची गोष्ट आहे.

भारतात तो मुख्यतः एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोहोचला. त्यांना त्याचा आधार झाला. संसारी बाईने तो मागितला की तिच्याकडे संशयाने बघायची सवय मात्र तिथूनच लागली. ती मोडायला हवी.

महिला कंडोम वापरायचा कसा?

रिंग असलेल्या प्रकाराची पद्धत अशी. पाकिटावरची तारीख बघा. पाकीट दाताने किंवा कात्रीने फाडू नका, खाचेवर फाडा. आतलं वंगण बोटांनी चोळून सगळीकडे पसरवा. बंद टोकाची आतली रिंग अंगठा आणि मधल्या बोटात दाबून आठच्या आकड्यासारखी लांबट करा. उकिडवं बसून, एक पाय स्टुलावर ठेवून किंवा आडवं पडून ती आत सरकवा. उकिडवं बसायची सवय असल्याने आपल्या बायकांना पहिली पद्धत सोपी जाते. मग तर्जनी पिशवीच्या आत घालून रिंग पुढच्या हाडाच्या पलीकडे जाईपर्यंत ढकला. बरोबर बसली तर जाणवत नाही. बाहेरची रिंग २ ते ३ सेंटीमीटर बाहेरच राहायला हवी.

संबंधाच्या वेळी लिंग पिशवीच्या आत जातंय ना, हे हाताने धरून बघा. नंतर उभं राहण्याआधीच बाहेरची रिंग दोनतीन वेळा पिळा, म्हणजे वीर्य सांडत नाही, आणि हळूच ओढून काढा. आठ तास आधीपर्यंत बसवून ठेवता येतो. एक कंडोम एकदाच.

तो वापरताना काय चुकतं?

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे लिंग पिशवीच्या बाजूने, पिशवी आणि योनीच्या मधून जाणं. मग कंडोम असून नसल्यासारखा. दुसरी, बाहेरची रिंग आत ढकलली जाणं. हे वंगण कमी पडल्यामुळे होतं. थांबा, बाहेर काढा, वंगण वाढवा. तिसरी, ‘दुहेरी सुरक्षा’ म्हणून पुरुषाने निरोधही लावणं. दोन्ही एकमेकांवर घासून फाटतात किंवा सरकतात. एकच वापरा.

पहिल्या दोनतीन वेळा जमत नाही, हे सगळ्यांचंच होतं. संबंधाची घाई नसताना, एकट्याने, दुपारच्या निवांत वेळी बसवून काढून बघा.

डायफ्रामचं माप कसं ठरतं?

नेहमीचे डायफ्राम साधारण ६० ते ९५ मिलिमीटर व्यासाचे, पाच-पाच मिलिमीटरच्या फरकाने येतात. डॉक्टर दोन बोटं आत घालून मागच्या खोबणीपासून पुढच्या हाडापर्यंतचं अंतर घेतात आणि त्या अंदाजाने रिंगा घालून बघतात. योग्य मापाची रिंग चालताना, बसताना, खोकताना जाणवत नाही. लहान पडली तर सरकते. मोठी पडली तर मूत्रमार्ग दाबला जातो, जळजळ होते आणि पुन्हा पुन्हा संसर्ग होतो.

बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे थांबून पुन्हा माप घ्या. गर्भपातानंतर किंवा वजनात साडेचार किलोच्या आसपास फरक पडला तरीही. अंग बाहेर येत असेल, तर डायफ्राम टिकत नाही. ते आधी डॉक्टरांना सांगा.

एकाच मापाचा सिलिकॉनचा ‘काया’ डायफ्राम २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. ६५ ते ८० मिलिमीटर माप लागणाऱ्या बहुतेक स्त्रियांना तो बसतो, त्याहून लहान किंवा मोठं माप असलेल्यांना नाही.

डायफ्राम बसवायची पद्धत?

लघवी करून या, हात साबणाने धुवा. डायफ्राम उजेडासमोर धरून किंवा त्यात पाणी भरून भोक आहे का बघा, विशेषतः कडेजवळ. वाटीत एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, शुक्रजंतूनाशक जेली घाला. थोडी कडेलाही लावा. कडा दाबून डायफ्राम दुमडा आणि मागे, माकडहाडाच्या दिशेने सरकवा. सरळ वर ढकलला तर तो गर्भाशयमुखाच्या अलीकडेच अडकतो, आणि हीच चूक सगळ्यांत जास्त होते. शेवटी पुढची कड बोटाने हाडामागे वर टेकवा.

आता बोटाने तपासा. पातळ पडद्याखाली नाकाच्या शेंड्यासारखं काही लागलं, तर गर्भाशयमुख झाकलं गेलं आहे. ते पडद्याबाहेर लागलं, तर काढा आणि पुन्हा बसवा. बसवल्यावर दोन तास उलटून गेले किंवा पुन्हा संबंध आला, तर डायफ्राम न काढता आणखी जेली घाला.

सहा तास ठेवायचा आणि चोवीस तासांत काढायचा, असं का?

सहा तास, कारण योनिमार्गात उरलेले शुक्रजंतू मरायला तेवढा वेळ लागतो. चोवीस तासांची मर्यादा जंतूंमुळे. फार वेळ आत राहिलेल्या वस्तूवर काही जंतू वाढतात आणि क्वचित त्यांच्या विषाने ताप, उलट्या, चक्कर, अंगावर पुरळ असा गंभीर आजार होतो. अशी लक्षणं दिसली तर साधन काढून लगेच दवाखाना गाठा. याच कारणाने पाळीत डायफ्राम किंवा टोपी वापरू नये.

सिलिकॉनची फेमकॅप टोपी ४८ तासांपर्यंत चालते. तिची मापं २२, २६ आणि ३० मिलिमीटर : कधीच दिवस न गेलेल्यांना लहान, दिवस गेले पण योनिमार्गे बाळंतपण झालं नाही त्यांना मधलं, योनिमार्गे बाळंतपण झालेल्यांना मोठं.

खोबरेल तेल लावलं तर चालेल?

लॅटेक्सवर कधीच नाही. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं, वरून दिसत मात्र नाही. खोबरेल, तूप, व्हॅसलीन, बेबी ऑइल सगळं वर्ज्य. खाज किंवा पांढरं जाण्यावर आत ठेवायला दिलेल्या काही औषधांचा पायाही तेलकट असतो, तेव्हा औषध सुरू असताना डॉक्टरांना विचारा. नायट्राइलच्या महिला कंडोमला तेल चालतं.

डायफ्राम साध्या सौम्य साबणाने धुवा, साबणाचा अंशही राहू देऊ नका. पुसून सावलीत वाळवा, टाल्कम पावडर लावू नका, डबीत ठेवा. पावसाळ्यात भिंती ओलसर असतात, तेव्हा डबी कपड्यांच्या कपाटात वरच्या कप्प्यात बरी. लॅटेक्सचा डायफ्राम साधारण दोन वर्षांनी बदला.

हे कितपत भरवशाचं आहे?

अमेरिकेतल्या आकड्यांनुसार, नेहमीच्या वापरात वर्षभरात १०० स्त्रियांपैकी साधारण इतक्यांना दिवस जातात : महिला कंडोम २१, डायफ्राम १७, पुरुषांचा कंडोम १३, स्पंज बाळंतपण न झालेल्यांत १४ आणि झालेल्यांत २७, फक्त शुक्रजंतूनाशक २१. काहीच वापरलं नाही, तर ८५. तांबीत एकापेक्षा कमी.

महिला कंडोम दर वेळी अचूक वापरला तर हा आकडा ५ वर येतो. म्हणजे फरक सरावाचा आहे. पण दिवस जाणं जिवावर बेतेल असा हृदयाचा किंवा अन्य गंभीर आजार असेल, तर एकट्या अडथळ्याच्या साधनावर विसंबू नका.

यांनी एचआयव्हीपासूनही बचाव होतो का?

महिला कंडोमने होतो. डायफ्राम, टोपी आणि स्पंज यांच्यावर त्यासाठी भरवसा ठेवू नका. नॉनॉक्सिनॉल-९ बद्दल पूर्वी आशा होती, पण वारंवार वापरल्यास ते योनीची त्वचा खरवडतं आणि एचआयव्हीचा धोका उलट वाढतो, असं २००० च्या सुमारास चाचण्यांत दिसलं.

नवऱ्याला न सांगता वापरता येईल का? त्याची परवानगी लागते का?

कुठल्याही गर्भनिरोधकाला नवऱ्याची परवानगी कायद्याने लागत नाही. डायफ्राम नीट बसला तर बहुतेकदा त्याला जाणवत नाही. महिला कंडोम लपवता येत नाही. घरात मारहाणीची भीती असेल, तर अंगात न दिसणारं, न जाणवणारं साधन कोणतं हे सिस्टरशी एकटीने बोला, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पाठ ठेवा.

ठाण्यात, नवी मुंबईत हे मिळेल कुठे?

महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय अशा ठिकाणी निरोध, माला-एन, छाया गोळ्या, अंतरा इंजेक्शन आणि तांबी हे सरकारी कार्यक्रमातले पर्याय मागा. महिला कंडोम मेडिकलवाल्याला नाव लिहून देऊन मागवावा लागतो किंवा ऑनलाइन घ्यावा लागतो. डायफ्रामसाठी आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला फोन करून ‘माप घेता का?’ हे विचारा, म्हणजे फेरा वाया जात नाही. मापाशिवाय ऑनलाइन घेतलेला मापाचा डायफ्राम म्हणजे पैसे पाण्यात.

वापरलेला कंडोम टाकायचा कसा?

गाठ मारून किंवा पिळून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सॅनिटरी पॅडसारखाच वेगळा करून कचऱ्यात द्या. संडासात टाकू नका. सोसायटीची लाइन तुंबते आणि ती हाताने उपसायला कुणालातरी उतरावं लागतं.

साधन फाटलं, सरकलं किंवा बसवायचं राहिलं तर?

लिव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्या, जितकी लवकर तितकी चांगली. तिला चिठ्ठी लागत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती त्याहून भरवशाची. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करा.

दिवस गेलेच, तरी वाट बंद नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक फसणं हे कारण आधीपासून आहे, पण ते फक्त विवाहित स्त्रीसाठी होतं. २०२१ च्या दुरुस्तीने ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ याऐवजी ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. २० आठवड्यांपर्यंत या कारणाने नोंदणीकृत डॉक्टरकडे गर्भपात करता येतो आणि १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. ‘नवऱ्याची सही आणा’ असं कुणी सांगितलं, तर कायदा ती मागत नाही हे शांतपणे सांगा. तरी नकार आला, तर दुसऱ्या नोंदणीकृत केंद्रात जा. मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेऊ नका. रक्तस्राव जास्त झाला किंवा गर्भ नळीत असला, तर घरी ते वेळेवर कळत नाही.